वाटीतले दोन मिलिमीटर

गुणाजी मेस्त्रींसमोर ‘चालेल’ म्हणायची सोय नव्हती. एकदा मी त्यांना एक बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी, केसभर सैल करून दिला आणि वर म्हणालो, “चालेल ओ मेस्त्री.” त्यांनी तो बुश उचलून माझ्या लेथवर परत ठेवला. “माणसं चालवून घेतात, धम्मा. इंजिन चालवून घेत नाही,” एवढंच बोलले आणि सायकल काढून निघून गेले. मला असा संताप आला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी नवा बुश करून त्यांच्या घरी नेऊन दिला, तोही मुकाट्याने.

मी धम्मपाल. डोंबिवली एमआयडीसीत एका गाळ्यात माझे दोन लेथ आहेत. मी तिरसट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि ती अगदीच खोटं बोलतात असं नाही. पण आज लिहायला बसलोय ते मेस्त्रींबद्दल. ते मूळचे देवरुखकडचे. वर्तकनगरात राहून ठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं डिझेल इंजिनं बांधली. कारखाना बंद पडल्यावर ठाकुर्लीला दोन खोल्या घेतल्या आणि खाडीवरच्या होड्यांची इंजिनं बांधायला लागले. खिशात मापाचा व्हर्नियर, चष्म्याला मागून दोरी, पायात कायम झिजलेल्या चपला. नुसत्या आवाजावरून कुठला वॉल्व्ह सैल आहे ते सांगायचे, पण कोथिंबीर आणायला पाठवलं तर मेथी घेऊन यायचे. त्यांच्या बायकोने, नंदावहिनींनी, तो नाद केव्हाच सोडलेला.

मेस्त्री कोण होते ते कळायला पुशरॉड म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. ती एक साधी पोलादी दांडी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालून कॅम तिला ढकलतो, ती वर रॉकरला ढकलते, आणि रॉकर वॉल्व्ह दाबतो. दांडीच्या वरच्या टोकाला छोटी वाटी असते, आणि त्या वाटीत रॉकरच्या स्क्रूचं गोल टोक बसतं. दांडी आखूड पडली तर स्क्रू खाली उतरवून फट भरून काढता येते. पण फार उतरवला तर वरच्या नटाला धरायला आटेच उरत नाहीत. मग हादऱ्यांनी नट सुटतो आणि दांडी जागेवरून निसटते.

इंजिन उघडून वरचं हेड घासून सपाट केलं, वॉल्व्हच्या सीटा कापल्या, गॅस्केट बदललं, की लागणाऱ्या दांडीची लांबी बदलते. बाकीचे मेकॅनिक जुन्याच दांड्या घालून मोकळे होतात. मेस्त्री प्रत्येक वॉल्व्हचं माप वेगळं घ्यायचे. एक जुनी दांडी मधोमध कापून, आटे पाडून, त्यांनी लांब-आखूड होणारी मापाची दांडी केलेली. ती इंजिनात घालायची, वॉल्व्हच्या डोक्यावर निळा रंग लावायचा, इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवायचं आणि रॉकर काढून बघायचं. रॉकरने रंगावर ओढलेली रेघ बारीक आणि बरोब्बर मधे आली म्हणजे लांबी ठीक. नाहीतर दांडी थोडी पिळायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चार वॉल्व्हना अख्खा दिवस जायचा.

आणि शेवटची गोष्ट. लांबी मोजताना ते दांडीच्या वाटीत बेअरिंगचा छर्रा ठेवायचे आणि त्याच्यावरून व्हर्नियर लावायचे. कारण दांडीची खरी लांबी वाटीच्या काठापासून नसते, तळापासून असते. “काठ फसवतो,” असं ते मला पहिल्या दिवशीच म्हणालेले. मी बनवलेली प्रत्येक दांडी ते माझ्यासमोर छर्रा ठेवून मोजायचे, आणि मला तो माझा अपमान वाटायचा.

दोन हजार तेराची गोष्ट. मोठागावच्या बंदरावर नाथा नावाचा होडीवाला होता. माणसं पलीकडच्या काठाला पोहोचवायचा. चाळिशीतला, आडवा बांधा, मोठ्याने हसायचा. त्याचं दोन सिलिंडरचं इंजिन मेस्त्रींकडे बांधायला आलं होतं. नारळी पौर्णिमा झाली की होडी पाण्यात घालायची होती. मेस्त्रींनी चार वॉल्व्हची चार मापं घेतली, खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिली आणि पुठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला. चौथं माप होतं दोनशे अठरा पॉइंट चार मिलिमीटर. मला तो आकडा आजही लिहिलेला दिसतो, चाराला त्यांनी काढलेल्या लांब शेपटासकट.

गुरुवार होता. शुक्रवारी एमआयडीसीत लाइट बंद, आणि शनिवारी होडी जायची. तीन दांड्या उत्तम झाल्या. चौथीची वाटी पाडताना टूल घसरून खाली गेलं. दोन मिलिमीटर. मला त्याच क्षणी कळलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी कितीदा तरी स्वतःला सांगून बघितलं की कळलं नव्हतं. कळलं होतं. त्या जातीचा पोलादी बार संपलेला, दुकान स्टेशनपलीकडे, आणि मी दमलेलो. बाहेरून लांबी बरोबर भरत होती. वाटी तेवढी खोल होती. स्क्रू घेईल भरून, म्हटलं. चालेल.

मेस्त्री संध्याकाळी नाथाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. चारी दांड्यांना व्हर्नियर लावला. मग सवयीने खिशातून छर्रा काढला. बाहेर नाथा हॉर्न वाजवत होता. मेस्त्रींनी एकदा बाहेर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि छर्रा परत खिशात टाकला. “जाऊ दे. तुझ्या हातच्या आहेत,” म्हणाले. माझ्या तोंडातून तेव्हा नुसतं ‘थांबा’ निघालं असतं तरी पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन बसवताना चौथ्या वॉल्व्हचा स्क्रू फारच खाली उतरला. मेस्त्री थबकले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, आपलंच माप चुकलं. पुन्हा मोजायचं तर हेडवरचं सगळं उतरवावं लागणार होतं, आणि नाथा बाजूला उभा राहून घाई करत होता. मेस्त्रींनी नट आवळला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, “चालेल.”

अकराव्या दिवशी भर दुपारी नाथा दोन माणसांना घेऊन पलीकडे निघाला. खाडीच्या मध्यावर इंजिन खोकायला लागलं. चौथी दांडी निसटली होती आणि एक सिलिंडर मेला होता. ओहोटीची ओढ जोरात होती, आणि एका सिलिंडरवर होडी पुढे सरकेना. नाथाने इंजिन बंद केलं, वरचं झाकण उघडलं आणि दांडी जागेवर बसवायला वाकला. होडी वाहत वाहत एका नांगरलेल्या रेतीच्या तराफ्याच्या दोरावर गेली आणि उलटली. ती दोन माणसं पोहून निघाली. नाथा खाडीवर जन्मलेला, पण तो होडीखाली सापडला. तिसऱ्या दिवशी तिवरांत मिळाला.

दोन महिन्यांनी गाववाल्यांनी होडी बाहेर काढली. इंजिन चिखलाने भरलेलं होतं. तीन दांड्या आत होत्या. चौथी नव्हती, ती खाडीतच राहिली. त्याच आठवड्यात मेस्त्री माझ्या गाळ्यावर आले. उभेच राहिले. “धम्मा, तो पुठ्ठा आहे का रे? चौथं काय लिहिलेलं मी?”

पुठ्ठा माझ्या खणात होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. मी म्हणालो, “टाकला कधीच, मेस्त्री.”

“आकडा आठवतो?”

“नाही ओ.”

ते गेल्यावर मी पुठ्ठ्याचे तुकडे केले आणि लोखंडाच्या किसाच्या पिंपात टाकले. दांडी आखूड दिली ती माझी चूक होती. पुठ्ठा फाडला ते पाप.

त्यानंतर मेस्त्रींनी एकही इंजिन बांधलं नाही. नाथाचं इंजिन मात्र रॉकेलने धुऊन, गंज काढून, त्याच्याच घराच्या पडवीत एका लाकडी घोडीवर ठेवलं. नाथाची बायको गोदा हिला विचारून. आणि दर रविवारी सकाळी ते तिथे जाऊन चौथ्या वॉल्व्हचं माप घ्यायला लागले. निळा रंग, दोन फेरे, रेघ, छर्रा, व्हर्नियर. उत्तर दर वेळी एकच यायचं. दोनशे अठरा पॉइंट चार. मग ते डोकं धरून बसायचे. माप तर बरोबर येतंय, म्हणजे लिहिताना चुकलो, किंवा त्या दिवशी वाचताना चुकलो. कुठे चुकलो ते सापडलं पाहिजे. पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचे. अशी अकरा वर्षं गेली.

महिन्यातून दोन रविवार मीही जायचो. मेस्त्री वर वाकून बघायचे, मी खाली हँडल फिरवायचो. मी फिरवत असतानाही ते म्हणायचे, “हळू, नाथा. हळू.” पहिल्यांदा मला दरदरून घाम फुटला. मग सवय झाली, आणि सवय झाली याचीच जास्त भीती वाटायला लागली. एकदा मी हँडलवरचा हात काढला तरी मेस्त्री म्हणाले, “हां, बस. थांब तिथेच.” फ्लायव्हील तेव्हा अजून किंचित फिरत होतं. वजनाने फिरत असणार. मला तसंच मानायचं आहे.

गोदाताई चहा आणायची. आम्ही दोघे असलो तरी तीन कप. तिसरा इंजिनाशेजारी ठेवायची आणि नंतर तसाच उचलून न्यायची. ती मेस्त्रींना कधी वाईट बोलली नाही. बाजारात मासे विकून तिने घर चालवलं, मुलीचं लग्न केलं. एकदा नुसतं म्हणाली, “मेस्त्री, तू मोजतंस तवा पडवीत मानूस असल्यासारखा वाटतं.”

आणि मला तो आवाज यायला लागला. सैल पुशरॉडचा. टिक, टिक, टिक. लेथ चालू असताना यायचा, घरात पंखा फिरताना यायचा. बायको म्हणाली, बेअरिंग गेलं असेल. मी पंखा बदलला. रविवारी संध्याकाळी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, ‘मुसावादा’पाशी, माझा आवाज बसायचा. खोटं बोलणार नाही असं सकाळच्या त्या पडवीतून येऊन कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी ओठ हलवायचो. शेजारच्यांना वाटायचं घसा बसलाय, आणि वंदनेनंतर वाटायची खडीसाखर माझ्या हातावर जरा जास्त पडायची.

तुम्ही म्हणाल, मग सांगून का नाही टाकलं. मीही हेच म्हणायचो, दर सोमवारी. मेस्त्री सत्तरीला आले, सत्तरी ओलांडली, हात कापायला लागला, डोळ्यांत मोतीबिंदू आला. मी येत्या रविवारी सांगणार होतो. प्रत्येक येत्या रविवारी.

यंदा फेब्रुवारीत नंदावहिनी माझ्या गाळ्यावर आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. स्टुलावर बसल्या आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, “भावजी, ह्यांना चूक सापडली म्हणतात.”

“कसली चूक?”

“गेल्या रविवारी माप वेगळं आलं. दोनशे सोळा पॉइंट चार. दोन कमी. म्हणतात, बघ, हेच वाचलं होतं मी त्या दिवशी, हेच लिहिलं होतं. तिथल्या तिथे गोदाच्या पाया पडले. घरी आल्यापासून अन्नाला शिवलेले नाहीत. चार दिवस झाले. नुसतं पाणी, आणि सकाळ झाली की तिकडे गोदाच्या पडवीत जाऊन बसतात. तुमचं ऐकतात, तुम्ही बघा काहीतरी.”

 मेस्त्रींचा हात थरथरला होता, डोळ्याला धूसर दिसलं होतं, आणि आकडा नेमका माझ्या दोन मिलिमीटरनी खाली उतरला होता. म्हाताऱ्या माणसाने आंधळेपणाने केलेलं चुकीचं वाचन त्याच्याच विरुद्ध पुरावा होऊन बसलं होतं. आता मी गप्प राहिलो असतो तर मेस्त्री आपणच नाथाला मारलं असं मानून गेले असते, आणि तेही उपाशी. रविवारपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवूनच मी मोटारसायकल काढली.

मेस्त्री पडवीतच होते. इंजिनासमोर स्टुलावर, मांडीवर व्हर्नियर. गाल आत गेले होते. मला बघून एकदम उजळले. “आलास? धम्मा, सापडली रे. मी खुळा, अकरा वर्षं बरोबर माप घेत होतो आणि चूक शोधत होतो.”

मी त्यांच्या मांडीवरून व्हर्नियर घेतला, मापाच्या दांडीत छर्रा ठेवला आणि मोजलं. “दोनशे अठरा पॉइंट चार आहे, मेस्त्री.”

“तू मला बरं वाटावं म्हणून वाचतोयस.”

मग मी सांगितलं. खाली जमिनीवर बसून सगळं सांगितलं. टूल कसं घसरलं, बार कसा संपला होता, छर्रा त्यांनी खिशात टाकला तेव्हा मी कसा गप्प राहिलो. “तुमचा आकडा बरोबर होता. चूक माझ्या वाटीत होती. नाथा माझ्यामुळे गेला.” हे वाक्य मी अकरा वर्षं मनात घोळवलं होतं. तोंडातून निघताना ते फार बारीक आवाजात निघालं.

मेस्त्री ऐकत राहिले. मग हसले. इतकं मायेने हसले की मला रडू फुटलं.

“नंदा आली होती ना तुझ्याकडे?”

“आली होती, पण म्हणून नाही सांगत...”

“तुझ्या हातून वाटी खोल गेली असती तर तू ती दांडी दिलीच नसतीस. मला माहीत आहे तू कसा आहेस ते. म्हणून तर मी छर्रा घातला नाही.”

“दिली, मेस्त्री. मी दिली!”

“बरं. आणि पुठ्ठा?”

“माझ्याकडे होता. तुम्ही विचारलात तेव्हा खणातच होता. मी फाडला.”

“पुरे आता.” त्यांनी कापरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. “ज्याने केलं असेल तो असा येतो का रे? इतकी वर्षं रविवार मोडून माझ्यासाठी हँडल फिरवायला आलास. ज्याच्या मनात खोट असते तो हा रस्ता टाळतो. इतकं कुणी करत नाही कुणासाठी. मला हलकं वाटावं म्हणून माणूस मारल्याचं स्वतःवर घेतोस?”

मी ओरडलो. त्यांच्या अंगावर ओरडलो, शपथा घेतल्या, आईची घेतली. जितका ओरडत होतो तितकं त्यांना माझं कौतुक वाटत होतं. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “चल, तुझ्यासाठी खातो दोन घास.” आणि खरंच, गोदाने सकाळी ठेवलेल्या भाकरीतली अर्धी त्यांनी पाण्याबरोबर खाल्ली. खाताना मधेच इंजिनाकडे बघून म्हणाले, “बघितलंस ना, नाथा? पोरगा कसा आहे.” मला तिथे बसवेना. मी उठून बाहेर आलो.

दाराशी गोदाताई उभी होती. केव्हापासून होती कुणास ठाऊक. तिने सगळं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. माझ्यामागोमाग ती ओट्याच्या पायरीपर्यंत आली.

“तवा कलला होता तुला? दांडी देताना?”

“हो.”

“आन तरी दिलंस.”

“हो.”

“मेस्त्री पुठ्ठा मागाया आला तवा नाथाला जाऊन दोनच महिनं झालं होतं. तवा पन नाय बोललास.”

मी मान हलवली.  मला वाटलं ती शिव्या देईल, हात उगारेल. मला ते हवं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती माझ्याकडे नीट बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती.

“मेस्त्रीनी नाय मानला,” ती म्हणाली. “मी मानला.”

“गोदाताई...”

“त्याला पुन्यांदा सांगू नको. म्हातारा तुझ्या नावानी जेवला आज. पन पुढल्या रविवारी तू येऊ नको. कवाच येऊ नको. हँडल मी फिरवन.”

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी मोटारसायकलपाशी उभा होतो. दाराआडून मेस्त्रींचा आवाज आला, धम्मा गेला का, चहा घेतला का त्याने, म्हणून विचारत होते.

“गेला,” गोदा म्हणाली.